मुलाच्या वहीपासून सुरुवात: शिकणे केंद्रस्थानी ठेवून प्राथमिक शाळेचे नेतृत्व कसे करावे

वर्गनिरीक्षणानंतर लॉगबुकात लिहिलेले वर्षभराचे शेरे एकदा सलग वाचून पाहावेत. ‘फलकलेखन सुवाच्य’, ‘वर्गनियंत्रण चांगले’, ‘शैक्षणिक साहित्याचा वापर केला’, ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम’ अशी त्यांची भाषा असते. हे सगळे शेरे शिक्षकाच्या कामगिरीविषयी आहेत. त्या तासाला कोणत्या मुलाला काय उमगले आणि कोण कोठे अडले, याचा त्यांत पत्ता नसतो. मुख्याध्यापक म्हणून मीही कित्येक वर्षे हेच लिहीत आलो. एकदा तिसरीच्या वर्गात वजाबाकीचा पाठ पाहून मी ‘पाठ उत्तम’ असे लिहिले आणि उठता उठता शेवटच्या रांगेतील एका मुलीची वही हातात घेतली. ५२ वजा २७ याचे उत्तर तिने ३५ लिहिले होते, ७४ वजा २९ याचे ५५, आणि ८० वजा ४६ याचे ४६. ‘हे कसे केलेस?’ असे विचारल्यावर तिने न अडखळता सांगितले, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ तिच्या प्रत्येक उत्तरामागे एकच नियम होता: दोन अंकांपैकी मोठ्यातून लहान काढायचा, मग तो वर असो की खाली. पहिलीत आपणच मुलांना सांगतो की मोठ्यातून लहान वजा करायचे. तिने ते मनापासून लक्षात ठेवले होते. पाच मिनिटांपूर्वी सगळा वर्ग एका सुरात ‘पंचवीस’ म्हणाला, तेव्हा तिचाही आवाज त्यात होता, आणि त्या सुरालाच मी ‘उत्तम प्रतिसाद’ समजलो होतो.

शिक्षकाने काय शिकवले, या प्रश्नाकडून मुलाने काय शिकले, या प्रश्नाकडे शाळेचे सगळे कामकाज वळवणे, एवढाच शिक्षणकेंद्री नेतृत्वाचा अर्थ मी घेतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये बालकेंद्री अध्यापन आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन यांचा उल्लेख आहे, आणि महाराष्ट्राने २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयात प्रत्येक मूल शिकले पाहिजे हीच भूमिका घेतली. म्हणजे कागदावर ही दिशा जुनी आहे. ती रोजच्या कामात कशी उतरवावी, याविषयी मला अनुभवातून जे उपयोगी वाटले ते येथे क्रमाने मांडतो. उदाहरणे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील आहेत, कारण त्याच मी जवळून पाहिल्या आहेत.

सत्रासाठी एकच प्रश्न निवडावा

जून-जुलैमध्ये प्रत्येक वर्गातील पाच मुलांजवळ मुख्याध्यापकाने स्वतः दहा-दहा मिनिटे बसावे. मुले निवडताना हजेरीपटावरील ठरावीक अंतरावरची नावे घ्यावीत; निवड वर्गशिक्षकावर सोपवली तर हुशार मुले पुढे येतात आणि स्वतः केली तर आपल्या लक्षात राहिलेलीच मुले निवडली जातात. मुलाला एक अनोळखी उतारा वाचायला द्यावा, नंतर तो झाकून त्यात काय घडले ते सांगायला लावावे, एक वाक्य ऐकून लिहायला सांगावे आणि दोन गणिते द्यावीत. प्रत्येक गणितानंतर उत्तर बरोबर असो वा चूक, ‘कसे केलेस?’ हे विचारावेच. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे. ‘वजाबाकी येत नाही’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘सातातून दोन गेले पाच’ ही नोंद पुढचा महिनाभर पुरते.

नोंदी जमल्या की त्या गुणांप्रमाणे न लावता चुकीच्या कारणाप्रमाणे लावाव्यात. याचे एक उदाहरण थोडे विस्ताराने द्यावेसे वाटते, कारण ते आपल्या भाषेतच दडलेले आहे. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. मराठी संख्यानामात एकक आधी ऐकू येतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी लिहावा लागतो. जे मूल ऐकलेल्या क्रमाने लिहिते, ते खरे तर नीट ऐकत असते. ‘एकोणतीस’ आणखी अवघड, कारण नावात तीस आहे आणि लिहायचे २ पासून. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘बावन्न’सारख्या नावांऐवजी ‘पन्नास दोन’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात भाषेच्या गोडव्याविषयी पुष्कळ बोलले गेले. पाटीवर उलटी संख्या लिहून बसलेल्या मुलाची अडचण मात्र बाजूलाच राहिली. माझ्या मते ‘बावन्न’ राहावेच, पण पहिली-दुसरीच्या शिक्षकाने ‘पन्नास आणि दोन, म्हणजे बावन्न’ हा पूल जाणीवपूर्वक बांधावा आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या समोर ठेवून तो रोज ओलांडून घ्यावा. असे कारण हाती लागले की वीस मुलांची ‘कमजोरी’ एका शिकवता येण्याजोग्या गोष्टीत बदलते.

शिक्षकांसोबत बसून या कारणांपैकी एकच निवडावे आणि ते सत्राचा प्रश्न म्हणून ठरवावे. ‘तिसरी-चौथीतील प्रत्येक मुलाला दशक सुटा करून (एका दशकाचे दहा एकक करून) वजाबाकी समजावी आणि ती कशी केली हे सांगता यावे’ एवढे पुरेसे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे जो शाळा विकास आराखडा तयार करावा लागतो, त्यात बांधकाम, रंगरंगोटी आणि संगणक यांच्या जोडीला हा प्रश्न लिहावा. दहा उद्दिष्टे एकदम हाती घेणाऱ्या शाळांत डिसेंबरपर्यंत एकही कोणाच्या लक्षात राहत नाही, असेच मी पाहिले आहे.

वरून आलेली उद्दिष्टेही याच प्रश्नाच्या नजरेतून वाचावीत. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या राष्ट्रीय अभियानात तिसरी अखेर मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य दिले आहे. मोजायला सोपे म्हणून आकडा शाळेत पोहोचतो आणि ‘अर्थासह’ हा शब्द वाटेत गळून पडतो. घड्याळ लावून धावत वाचणारे आणि उतारा झाकल्यावर गप्प होणारे मूल वाचायला शिकलेले नाही, हे मुख्याध्यापकाने शिक्षकांना स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि अशा मुलाची नोंद ‘साध्य’ रकान्यात करण्यासाठी दबाव आणू नये.

मुख्याध्यापकाचा वेळ

येथे प्रत्येक जण म्हणेल की वेळ आहे कोठे? तक्रार खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पटसंख्या १५० पेक्षा जास्त असेल तेव्हाच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. लहान शाळेत मुख्याध्यापक हाच वर्गशिक्षक असतो, पोषण आहाराची नोंद तोच करतो, यू-डायस या शाळांच्या राष्ट्रीय माहितीसंचाची माहिती तोच भरतो आणि व्हॉट्सॲपवर ‘आज दुपारपर्यंत’ म्हणून मागवलेला तक्ताही तोच पाठवतो.

त्यामुळे मोठा आराखडा करण्यापेक्षा आठवड्यातील दोन तासिका पक्क्या कराव्यात आणि वेळापत्रकात त्यांना नाव द्यावे. द्विशिक्षकी शाळेत या तासिकेला दोन वर्ग एकत्र करून त्यांना गोष्टीचे वाचन किंवा परिसराची कामे देता येतात, आणि एका शिक्षकाला सहकाऱ्याच्या मुलांजवळ बसायला वेळ मिळतो. माहिती भरण्याचे काम शक्यतो शाळा सुटल्यानंतरच्या ठरावीक वेळेत करावे, म्हणजे मुले वर्गात असताना मोबाइल हातात राहणार नाही. परिशिष्टात शिक्षकासाठी सांगितलेल्या आठवड्याच्या ४५ तासांत पूर्वतयारीचा वेळही धरलेला आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. शिक्षकाला पाठाची तयारी करायला शांत वेळ मिळवून देणे हे मुख्याध्यापकाचे कर्तव्य आहे.

पाठ पाहताना

पाठ पाहण्याचे काम वर्गात जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू होते. शिक्षकाला एकच प्रश्न विचारावा: ‘उद्या मुलांनी काय करून दाखवले, म्हणजे त्यांना समजले असे आपण म्हणू?’ सुरुवातीला बहुतेक शिक्षक पाठाचे नाव किंवा पान क्रमांक सांगतात. घाई न करता तोच प्रश्न पुन्हा विचारावा. ‘काड्या न वापरता ६३ वजा ३८ करतील आणि कोठे दशक सुटा केला ते दाखवतील’ असे उत्तर आले, की निम्मे काम झाले.

वर्गात खुर्ची मागे टाकून बसू नये. मुलांच्या बाजूला, खाली पट्टीवर बसावे आणि पूर्ण तास तीनच मुले पाहावीत. कोणत्या मुलाने केव्हा लिहायला सुरुवात केली, कोणी शेजाऱ्याचे पाहून लिहिले, कोणाचा हात एकदाही वर गेला नाही, कोणाचे बोट कोठे थांबले, हे वेळेसह टिपावे. शिक्षकाविषयी विशेषण लिहिण्याचा मोह टाळावा. ‘चांगले’ आणि ‘सुमार’ हे दोन्ही शब्द पुढची चर्चा बंद करतात.

चर्चा त्याच दिवशी व्हावी, पंधरा मिनिटांची असावी आणि टेबलावर वह्या असाव्यात. वर सांगितलेल्या मुलीची वही मी तिच्या वर्गशिक्षिकेसमोर ठेवली आणि विचारले, ‘बाई, चौऱ्याहत्तर वजा एकोणतीसचे उत्तर तिने पंचावन्न का लिहिले असेल?’ बाई म्हणाल्या, ‘तिचे लक्ष नसते सर, घरीही कोणी अभ्यास घेत नाही.’ अशा वेळी वाद घालू नये. आपल्या सगळ्यांच्या तोंडी हे वाक्य असते, आणि ते ऐन कसोटीच्या क्षणी कारण वर्गाबाहेर नेऊन ठेवते. मी आणखी तीन वह्या उघडल्या. चौघांचेही उत्तर पंचावन्नच होते. ‘चौघांचे लक्ष एकाच ठिकाणी कसे चुकले असेल?’ एवढेच विचारले. बाई बराच वेळ वह्या पाहत राहिल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, ‘ही मुले एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढतात. पहिलीत मीच यांना तसे सांगितले होते.’ निदान शिक्षकाच्या तोंडून आले की उपाय सुचवावा लागत नाही. तो बाईंनीच सुचवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्या मुलीपुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘मला सत्तावीस दे.’ तिने दोन गठ्ठे झटकन दिले. मग दोन सुट्या काड्या दिल्या आणि थांबली. तिने बाईंकडे पाहिले, उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे पाहिले, आणि एका गठ्ठ्याचे रबर हळूच काढले. त्यातल्या पाच काड्या मोजून दिल्यावर समोर उरलेल्या काड्या तिने दोनदा मोजल्या आणि वहीतल्या ३५ वर बोट ठेवून म्हणाली, ‘हे चुकलं.’ कागदावरची मांडणी बाईंनी त्यानंतरच शिकवली, आणि तीही रबर काढल्याची आठवण देत.

चर्चेच्या शेवटी एकच बदल ठरवावा आणि आठवड्याच्या आत तो पाहायला पुन्हा जावे. पुन्हा न जाणारा मुख्याध्यापक पहिल्या भेटीचाही विश्वास गमावतो. आणखी एक पथ्य अत्यंत महत्त्वाचे आहे: या नोंदी गोपनीय अहवालासाठी वापरल्या जाणार नाहीत, हे शिक्षकांना आधीच सांगावे आणि तो शब्द पाळावा. चूक दाखवली तर नोंद खराब होईल अशी भीती असलेला शिक्षक तुमच्या भेटीच्या दिवशी मुलांकडून आधीच पाठ करून घेतलेला पाठच दाखवणार, आणि त्यात मुलांचे काहीच कळणार नाही.

वर्गात काय बदलावे

अध्यापनातील सगळे बदल येथे सांगणे शक्य नाही. ज्यांचा परिणाम मी लवकर पाहिला तेच सांगतो. पहिला बदल म्हणजे सामूहिक उत्तर कमी करावे. त्याऐवजी प्रत्येक मुलाने पाटीवर उत्तर लिहून ती एकाच वेळी वर धरावी. तीस पाट्या एका नजरेत दिसतात, आणि कोणाजवळ आता जायचे ते शिक्षकाला तिथेच कळते. याहून स्वस्त मूल्यमापन मला माहीत नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने मनात पाचपर्यंत मोजून थांबावे, म्हणजे नेहमीच्या तीन-चार हातांखेरीज इतरही वर येतात. चुकीचे उत्तर आले की ते नाव न घेता फळ्यावर लिहावे आणि ‘असे उत्तर काढणाऱ्याने काय विचार केला असेल?’ असे वर्गाला विचारावे. आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाची नोंदवही भरण्यासाठी वेगळे प्रसंग घडवण्यापेक्षा या पाट्या आणि ही चर्चा पाहूनच नोंद करावी. तिचा मूळ हेतूही तोच आहे.

मुलांच्या घरच्या भाषेचा प्रश्न यापेक्षा खोल आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी बोलत येणारी मुले पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीत सूचना ऐकतात, आणि ती गप्प राहिली की आपण त्यांना ‘अप्रगत’ म्हणतो. शिक्षकाने त्या भाषेतील शंभर-दीडशे शब्द शिकावेत, मोठ्या मुलांकडून दुभाष्याचे काम करून घ्यावे आणि पहिले काही महिने मुलाला आपल्या भाषेत उत्तर देण्याची मोकळीक द्यावी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मूल जेथे आहे तेथून शिकवायला सुरुवात करायची, हा विचार आपल्याकडे कोणी बाहेरून आणलेला नाही.

शिक्षकांचे शिकणे

न्यूझीलंडच्या संशोधक व्हिवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. नेतृत्वाच्या ज्या पाच अंगांची त्यांनी तुलना केली, त्यांत मुलांच्या संपादणुकीशी सर्वांत घट्ट संबंध एका अंगाचा आढळला: मुख्याध्यापक शिक्षकांच्या शिकण्याला चालना देतो आणि त्यात स्वतःही शिकणारा म्हणून बसतो. आपल्याकडे मुख्याध्यापक प्रशिक्षणाचे उद्घाटन करून कार्यालयात जातात, हे येथे आठवते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने आणि मुख्याध्यापकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. हे तास सभागृहातील भाषणे ऐकण्यात आणि ऑनलाइन कोर्सची चित्रफीत पुढे ढकलण्यात संपू नयेत. केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, मासिक शिक्षण परिषद त्यासाठी हाताशी आहे, मात्र तिचे स्वरूप बदलावे लागेल. जपानमधील शिक्षक ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणजे पाठ-अभ्यास या नावाने दीर्घकाळ जे करीत आले आहेत, ते आपल्या केंद्रात सहज करता येते. चार-पाच शिक्षकांनी मिळून एका अवघड घटकाचा एक पाठ आखावा. मुले कोठे अडतील याचा अंदाज आधीच लिहून ठेवावा. एकाने तो खऱ्या वर्गात शिकवावा आणि इतरांनी दोन-दोन मुले वाटून घेऊन फक्त त्यांचे शिकणे टिपावे. त्यानंतर लगेच बसून अंदाज कोठे चुकला हे बोलावे आणि पाठ सुधारून पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेत दुसऱ्या शिक्षकाने घ्यावा. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे तो फसला तरी कोणा एकाची मान खाली जात नाही. पहिला पाठ केंद्रप्रमुखांनी किंवा मुख्याध्यापकांनी घ्यावा, असा माझा आग्रह आहे. मुलांसमोर आपणही अडखळतो हे सहकाऱ्यांनी पाहिले की बाकीचे मोकळे होतात.

शाळाभेटींविषयी एक सावधगिरी. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील (शाळांच्या गटातील) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुले कृतीतून स्वतः ज्ञान घडवतात असे, वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि ते योग्यच झाले. मात्र परत आल्यावर काही शाळांनी वर्गातील फरशीवर तेथल्यासारख्या आकृत्या रंगवल्या आणि तेथेच थांबल्या. त्या आकृत्यांभोवती बसलेली मुले एकमेकांना काय विचारत होती आणि शिक्षक केव्हा गप्प राहत होते, हे टिपून आणायचे राहून गेले. म्हणून भेटीला जाताना आपल्या शाळेचा सत्राचा प्रश्न सोबत न्यावा, त्या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे आणि परतल्यावर आठवड्याच्या आत त्यावर एक पाठ घ्यावा.

पालकांसमोर वही

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, पण बैठकीत बहुधा खर्चावर सह्याच होतात. बैठकीची पहिली दहा मिनिटे मुलांच्या वह्यांना द्यावीत. जूनमधील पान आणि सप्टेंबरमधील पान शेजारी ठेवून मूल आधी काय करीत होते आणि आता काय करते हे दाखवावे. ज्या आईला अक्षरओळख नाही तीही बाजारातील सुट्या पैशांचा हिशेब सांगते, आणि त्यातून दशक सुटा करण्याची उत्तम उदाहरणे मिळतात.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्याच पाच-पाच मुलांजवळ पुन्हा बसावे आणि तेच काम द्यावे. बहुतेकांची अडचण सुटली असेल तर दुसऱ्या सत्रासाठी नवा प्रश्न घ्यावा. सुटली नसेल तर तोच पुढे चालू ठेवावा, मग वरिष्ठ कार्यालयाला नवा उपक्रम दिसो वा न दिसो. जून आणि ऑक्टोबरमधील पानांच्या छायाप्रती मुलाने सांगितलेल्या शब्दांसह एका फाइलमध्ये लावाव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळांत बदल्या होतात. चार्ज देताना जडवस्तू नोंदवहीतील बाकडी आणि घंटा मोजून दिली जाते, पण कोणते मूल कोठे अडले आहे हे जाणाऱ्या शिक्षकाबरोबरच निघून जाते. त्या यादीत या फाइलचीही नोंद करावी, आणि चार्ज घेणाऱ्याला निदान एक तास त्या मुलांच्या शेजारी बसवून मगच सही घ्यावी.